सरकारी अधिकाऱ्यांसमोर विक्रीचं प्रेझेंटेशन कसं द्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: ठाण्यात छोटं युनिट आहे, मुंबईतल्या एका सरकारी कार्यालयाने पहिल्यांदाच पंधरा मिनिटं दिली आहेत, त्यात काय दाखवायचं आणि काय बोलायचं? मी चौदा वर्षं पाणी तपासणीची उपकरणं विकतोय. गिऱ्हाईक जवळजवळ सगळं सरकारी: नगरपालिका, जिल्हा परिषदा, पाणीपुरवठ्याची कार्यालयं. त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

खासगी कंपनीत मालकाला माल आवडला की पीओ, म्हणजे खरेदीचा आदेश, हातात पडते. सरकारात साहेबांना माल आवडणं ही फक्त सुरुवात असते. खरेदी होते नस्तीवर, म्हणजे सरकारी फाइलवर. कुणीतरी टिप्पणी, म्हणजे खरेदीचा प्रस्ताव मांडणारी नोंद, लिहितं, ती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी वर चढते, पैशांसाठी वित्त विभागाकडे जाते, शेरे घेऊन खाली येते आणि पुन्हा वर जाते. या वाटेवरच्या बहुतेकांनी तुम्हाला पाहिलेलंही नसतं. तुमची बाजू तिथे ती टिप्पणीच मांडते. म्हणून प्रेझेंटेशन द्यायचं ते टिप्पणी लिहिणाऱ्या माणसासाठी.

हे मला एका मॅडमनी शिकवलं. सुरुवातीच्या काळात एका कार्यालयात मी बेचाळीस स्लाइड घेऊन गेलो होतो. सगळ्या इंग्रजीत, पहिल्या दहा नुसत्या कंपनीच्या इतिहासाच्या. अकराव्या स्लाइडला साहेबांना वरून बोलावणं आलं. उठताना म्हणाले, "छान आहे, पुढचं यांना सांगा." टेबलाच्या टोकाला सहायक कक्ष अधिकारी मॅडम वही उघडून बसल्या होत्या. वहीत आजची तारीख आणि माझ्या कंपनीचं नाव, एवढंच लिहिलेलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले: निकाल कोणत्या मानकाप्रमाणे येतो, आणि वॉरंटी संपल्यावर रसायनं कोण पुरवणार? मी म्हटलं, "मॅडम, तपशील मेल करतो." त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, साहेबांना आवडलं ते मला दिसलं. पण मी टिप्पणीत लिहू काय?" ती खरेदी झाली नाही. आजही नवीन प्रेझेंटेशन करायला बसलो की मी आधी तो प्रश्न कागदावर लिहितो.

तर मॅडमना लिहावं काय लागतं? आज अडचण कोणती आहे, ती सोडवणं कुठल्या नियमामुळे भाग आहे, वस्तूला मानक कोणतं, बाजारात ती आणखी कोण देतं, आधी कुठल्या शासकीय कार्यालयाने घेतली, खर्च किती आणि तो कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कुठल्या खात्यात, बसतो. तुम्हीही याच क्रमाने बोला. "आमचं यंत्र अतिशय अचूक आहे" हे वाक्य टिप्पणीत जात नाही. "आयएस १०५०० : २०१२ प्रमाणे पिण्याच्या पाण्यात मुक्त अवशिष्ट क्लोरीन किमान ०.२ मिलीग्रॅम प्रतिलिटर असावा लागतो, आणि हे यंत्र त्याहून कमी प्रमाणही मोजतं" हे जसंच्या तसं जातं. स्पर्धकांची नावं लपवू नका. एकच पुरवठादार दिसला की वित्त विभागाचा पहिला शेरा त्यावरच येतो.

समोरचा माणूस फार शंका काढतोय असं वाटलं तर मनाला लावून घेऊ नका. त्याची आजची सही काही वर्षांनी लेखापरीक्षणात निघू शकते. माहिती अधिकार कायदा २००५ पासून लागू आहे, म्हणजे कुणीही नागरिक ती नस्ती मागू शकतो. तोवर त्याची बदली नंदुरबारला झालेली असली तरी खुलासा त्यालाच करावा लागतो. ही भीती खरी आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. चाचणी अहवाल, आधीच्या पुरवठा आदेशाची प्रत, काम समाधानकारक झाल्याचा दाखला हे सोबतच ठेवा. पुरवठ्याचा पूर्वानुभव नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि एखाद्या ठिकाणी महिनाभर विनामूल्य चाचणीची लेखी तयारी दाखवा.

मराठीत बोला. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे, राज्य शासनाची टिप्पणी मराठीतच लिहिली जाते. तुम्ही इंग्रजीत बोललात तर भाषांतराचं ओझं त्या टेबलावर पडतं आणि तुमचा मुद्दा तिथेच पातळ होतो. तांत्रिक शब्द इंग्रजी राहिले तरी चालतात.

प्रोजेक्टरवर विसंबू नका. आठ स्लाइड पुरतात, आणि दोन पानी छापील टिपण प्रत्येकाच्या हातात द्या. त्या पानांना डावीकडे दीड इंच समास सोडा. नस्तीला भोक पाडून टॅग ओवला की ओळींची पहिली अक्षरं त्यात जातात, आणि वाचणारा वैतागतो. रंगीत आलेखही टाळा, झेरॉक्सवर लाल आणि हिरवा एकसारखेच करडे दिसतात.

वस्तू दाखवता येत असेल तर जरूर दाखवा, पण आधी तिथल्याच परिस्थितीत करून बघा. आमची चाचणी साधी आहे: काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, डीपीडी या रसायनाची गोळी टाकायची, क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. एकदा भर बैठकीत शिपाईदादांनी पाणी आणून दिलं, मी गोळी टाकली आणि रंगच आला नाही. सगळे माझ्याकडे बघत राहिले. पाणी प्युरिफायरचं होतं, त्यातला कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, हे मला त्या क्षणी सुचलंच नाही. आता मी मुद्दाम दोन नळ्या भरतो, एक प्युरिफायरची आणि एक थेट नळाची. शेजारी शेजारी ठेवल्या की एक पांढरी स्वच्छ, दुसरी गुलाबी. त्यानंतर फार बोलावं लागत नाही.

किमतीचं गणित मात्र नीट उलगडून सांगा, कारण निविदा बहुतेक वेळा एल-वनला, म्हणजे सर्वांत कमी दराला जाते. समजा एक यंत्र २०,००० रुपयांचं आहे आणि दर चाचणीला १२ रुपयांचं रसायन लागतं. दुसरं ३२,००० चं, पण चाचणी ४ रुपयांत होते. दिवसाला दहा चाचण्या धरल्या तर तीन वर्षांत १०,९५० होतात. पहिल्याचा एकूण खर्च १,५१,४०० रुपये, दुसऱ्याचा ७५,८००. नुसत्या यंत्राचा दर मागवला तर पहिलं जिंकतं आणि कार्यालय दुप्पट खर्च करत बसतं. म्हणून दर मागवताना रसायनं आणि देखभालही धरावी, हे निविदा निघण्याआधीच मांडा. हिशेब पटला तर अधिकारी स्वतःच तशी अट घालतात.

निविदा प्रसिद्ध झाली की मात्र खासगीत भेटायला जाऊ नका. शंका असतील त्या निविदापूर्व बैठकीत लेखी द्या; मान्य झाल्या तर शुद्धिपत्रक निघतं आणि ते सगळ्यांना दिसतं. तपशील आपल्या ब्रँडला बेतून घ्यायचा मोहही टाळा, तक्रार झाली की अख्खी निविदा रद्द होते. आणि "पाकिटा"चं कुणी सुचवलं तर उठून या. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणारासुद्धा गुन्हेगार आहे, आणि छोट्या युनिटला एक केस परवडत नाही.

जेम (केंद्राचं सरकारी खरेदीचं पोर्टल) आणि महाटेंडर्स (राज्याचं ई-निविदा पोर्टल) यांवरची नोंदणी, लघुउद्योगाचं उद्यम प्रमाणपत्र, डिजिटल सही हे बैठकीआधी उरकून ठेवा. वेळेचं म्हणाल तर मार्चमध्ये कुणालाच ऐकायला सवड नसते, आणि हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत मंत्रालयातले बरेच अधिकारी नागपुरात असतात. पावसाळ्यानंतरचे दोन महिने मला सगळ्यात बरे वाटतात.

बैठक संपली की साहेबांना नमस्कार करून लगेच निघू नका. टिप्पणी लिहिणाऱ्यांच्या टेबलापाशी थांबा आणि विचारा, "मॅडम, आणखी कोणता कागद लागेल?" संध्याकाळच्या आत तेच दोन पानी टिपण युनिकोड मराठीत, वर्ड फाइल म्हणून मेल करा. पीडीएफ पाठवलीत तर मजकूर उचलताना जोडाक्षरं फुटतात आणि त्यांना सगळं पुन्हा टाइप करावं लागतं.