हवेवर जगणारा सरडा

प्रश्न : एका जुन्या इंग्रजी पुस्तकात वाचलं की शॅमेलिऑन हा सरडा काहीच खात नाही, नुसत्या हवेवर जगतो. खरंय का हे? मग त्याला एवढी लांब जीभ कशाला? – एक वाचक, सातारा

उत्तर : छे हो, नाकतोडे-माश्या मजेत खातो तो. ही थाप पसरवली प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने, इसवी सन ७७च्या सुमाराला. त्याने सरळ लिहून टाकलं की हा एकच प्राणी ना खातो ना पितो, हवेवर पोसतो. आता हा तासन् तास फांदीवर ढिम्म बसतो, अधूनमधून अंग फुगवतो आणि जीभ अशी सुटते की पापणी लवायच्या आत माशी गायब, त्यामुळे बघणाऱ्याला वाटणारच की गडी हवाच गिळतोय.

गंमत म्हणजे प्लिनीच्या चारेकशे वर्षं आधी अ‍ॅरिस्टॉटलने हा प्राणी नीट बघितला होता. डोळ्यावर कातडं, मधे बारीकसं भोक आणि अख्खा डोळा कुठेही फिरतो, फुगला की रंग बदलतो, कधी मगरीसारखा काळा तर कधी अंगावर बिबट्यासारखे ठिपके, पार उभा चिरला तरी बराच वेळ श्वास चालू, सगळं लिहून ठेवलंय. पण लोकांना आवडली ती हवाच! शेक्सपिअरच्या हॅम्लेटला राजा विचारतो कसं काय चाललंय, तर तो म्हणतो मस्त, शॅमेलिऑनचं जेवण जेवतोय, आश्वासनं भरलेली हवा खातोय. (आपल्याकडे हवा खायला महाबळेश्वरला जातात, नाहीतर तुरुंगात.) शेवटी १६४६ साली थॉमस ब्राउन नावाच्या इंग्रज डॉक्टरने विचारलं की हवाच खायची तर दात, पोट, आतडी कशाला दिलीत? म्हणजे तुमचाच प्रश्न.

आपल्याकडे शॅमेलिऑनला घोयरा म्हणतात, कुंपणावर मान हलवणारा सरडा वेगळा. जुन्या संस्कृतात ‘कृकलास’ येतो, तो यातला नेमका कुठला हे सांगणं अवघड, पण भागवतात तो भेटतो झकास. नृगराजाने एका ब्राह्मणाची गाय चुकून दुसऱ्याला दान केली आणि सरडा होऊन कोरड्या विहिरीत पडला, तोही डोंगराएवढा. यादवांची पोरं पाणी शोधत आली, दोर लावून ओढओढ ओढलं, हलेना. मग कृष्णाने डाव्या हाताने सहज उचलला, आणि हात लागताच सरड्याचं रूप गळून पडलं, समोर तापलेल्या सोन्याच्या रंगाचा देवपुरुष.