इन्स्टॉलमागे पैसे मागणाऱ्यांना होकार देण्याआधी

तुझं द्राक्षबागेच्या फवारणीचं अ‍ॅप पाहिलं. काम मनापासून केलंयस, म्हणूनच सांगतो: ‘इन्स्टॉलमागे इतके रुपये’ म्हणणाऱ्या अफिलिएट नेटवर्कला, म्हणजे कमिशनवर इतरांकडून अ‍ॅपची जाहिरात करून घेणाऱ्या कंपनीला, लगेच हो म्हणू नकोस. माझ्या कांदा-भावाच्या अ‍ॅपसाठी मी हो म्हटलं होतं. हवे होते लासलगाव-पिंपळगावचे शेतकरी. आले ते बक्षिसाच्या पॉइंटसाठी अ‍ॅप उतरवून दुसऱ्या दिवशी काढून टाकणारे.

पैसे गेले त्याचं एवढं नाही. त्या नेटवर्कच्या कुठल्यातरी उप-एजंटाने ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ अशा खोट्या पॉप-अपमधून माझी लिंक पसरवली. शिव्या मला बसल्या, एक स्टार मला मिळाला. प्ले स्टोअरचा नियमही असाच आहे. जाहिरात कुणीही चालवो, फसवणुकीची जबाबदारी डेव्हलपरची, आणि अ‍ॅप हटवलं जाऊ शकतं.

क्लिक इंजेक्शनही समजून घे. फोनमधलं दुसरंच अ‍ॅप तुझं अ‍ॅप उतरतंय हे हेरतं आणि शेवटच्या क्षणी खोटी क्लिक नोंदवतं. म्हणजे ओझरच्या मित्राने सुचवलं म्हणून आलेल्या शेतकऱ्याचंही कमिशन तू भरतोस! गूगलची इन्स्टॉल रेफरर एपीआय, म्हणजे इन्स्टॉल कुठल्या लिंकवरून आलं ते अ‍ॅपला सांगणारी सोय, जोड. क्लिकची आणि डाउनलोड सुरू झाल्याची वेळ त्यात मिळते. डाउनलोड आधी आणि क्लिक नंतर दिसली, तर पैसे अडवून ठेव.

करार करायचाच असेल तर सातव्या दिवशीही अ‍ॅप वापरणाऱ्यामागेच पैसे ठरव, उप-एजंट चालणार नाहीत हे लिहून घे. तोवर पिंपळगावच्या बाजार समितीत सकाळी जा आणि दहा जणांना स्वतः अ‍ॅप दाखव. मी येतो सोबत.