अस्तरावरचा डास

"डोळ्यांसमोर काळे ठिपके तरंगतात. मला आंधळेपणा येणार का?"

लातूरच्या ज्या नेत्रविभागात मी समुपदेशक आहे, तिथं हा प्रश्न सतत येतो. कुणी ठिपके म्हणतं, कुणी जाळी, कुणी केस. अंबाजोगाईकडून आलेल्या एका मावशी डास म्हणायच्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय 54, काम साडीला फॉल लावायचं आणि ब्लाउज शिवायचं. लहानपणापासून चष्मा, नंबर उणे सहा.

"ताई, पांढऱ्या अस्तरावर डास बसल्यासारखा दिसायलाय. हात मारला तर मरत न्हाई. नजर फिरवली की मागं मागं येतो, नजर थांबली की हळूच खाली उतरतो."

आमच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचे थेंब घालून दोन्ही डोळ्यांचे पडदे कडेपर्यंत तपासले होते. पडदा शाबूत होता. तरी मावशींचे हात थरथरत होते. आधी एका दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं, "काही नाही, वयानं होतं." नेमक्या त्याच शब्दांनी त्या घाबरल्या होत्या. त्यांच्या वडिलांनाही पहिल्यांदा "काही नाही"च सांगितलं होतं आणि पुढं काचबिंदूनं त्यांची नजर गेली.

तेव्हापासून मावशी पहाटे उठून चुना दिलेल्या भिंतीकडं बघत डास मोजायच्या. शेजारणीच्या सांगण्यावरून डोळ्यात मध घालायच्या. त्यात उजवा डोळा लवायला लागला. बाईचा उजवा डोळा लवणं अशुभ, म्हणून झोपही उडाली.

"काही नाही" हा शब्द मी त्या दिवशी मुद्दाम टाळला. आहे ते काय आहे, तेच सांगितलं. डोळ्याच्या आत घट्ट, पारदर्शक जेली असते. जवळजवळ सगळी पाणीच, पण तिला धरून ठेवणारे अतिशय बारीक तंतू असतात. पन्नाशीनंतर ती पातळ होते, आकसते, आणि तंतूंच्या गुठळ्या होतात. जुन्या साडीचे धागे सुटून गोळा होतात तसं. त्या गुठळीची सावली पडद्यावर पडते, तोच डास. पांढरं कापड, भिंत, दुपारचं आभाळ यांवर तो ठळक दिसतो. मोठा उणे नंबर असला की हे लवकर सुरू होतं. याचा काचबिंदूशी संबंध नाही. वडिलांना काचबिंदू होता म्हणून मावशींनी डोळ्यांचा दाब दरवर्षी तपासायचा, ती गोष्ट वेगळी.

"मग थेंबानं जाईल का?"

नाही. ठिपके विरघळवणारं औषध नाही, आणि मधानं तर जंतुसंसर्ग होऊ शकतो. पण काही महिन्यांत मेंदू त्या सावलीकडं दुर्लक्ष करायला शिकतो. रोज मोजत बसलं तर ते शिकणं लांबतं.

मावशींच्या आणखीही तक्रारी होत्या: डोळ्यांची आग, खुपणं आणि संध्याकाळी पाणी येणं. त्यांचं मूळ दुसरंच निघालं. सुईवर नजर खिळली की पापण्यांची उघडझाप निम्म्यावर येते. वर मे महिना, आणि टेबलफॅन थेट तोंडावर. डोळे कोरडे पडले की उलट पाणीच वाहतं. फॅन बाजूला वळवायचा, दर वीस मिनिटांनी मान वर करून दारातल्या लिंबाकडं बघायचं, आणि डॉक्टरांनी दिलेले ओलाव्याचे थेंब घालायचे. पापणी लवत होती ती अपुऱ्या झोपेनं आणि दिवसाच्या सात-आठ कप चहानं.

यानंतरचा भाग मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतला, कारण इथं चूक परवडत नाही. ठिपके एकदम खूप वाढले, काजळी उधळल्यासारखे दिसले, अंधारात कडेला वीज चमकल्यासारखं झालं, किंवा कडेकडून काळा पडदा सरकत आला, तर त्याच दिवशी यायचं. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. पडद्याला वेदना कळतच नाहीत, तो फाटला तरी दुखत नाही. नुसती चीर असेल तर बहुतेक वेळा लेझरनं भागतं. पडदा सुटला की ऑपरेशन.

मोजणं एकदम सुटणार नाही, हे मला दिसत होतं. म्हणून ठरवलं, पुन्हा तपासणीला येईपर्यंत सहा आठवडे सकाळी एकदाच एकेक डोळा झाकून बघायचं. वीज किंवा काळा पडदा दिसतो का, एवढंच. डास मोजायचा नाही.

मावशी चौथ्याच आठवड्यात आल्या. मी धसकलेच. पण सोबत नणंद होती, औसा तालुक्यातली. तिला आदल्या रात्रीपासून वीज चमकल्यासारखं दिसत होतं. घरचे म्हणत होते, सोयाबीनची पेरणी उरकू दे, मग जाऊ. मावशींनी पहिल्या एसटीनं आणलं.

पडद्याला चीर होती. त्याच दुपारी लेझर झालं. थेंब घालून बसलेल्या नणंदेला बाकावर मावशीच समजावत होत्या, "दोन-चार तास जवळचं दिसणार न्हाई, उजेड लागंल. भिऊ नको. पण आज सुई धरू नको."