प्रभुभोजनाच्या रविवारी उठून जाऊ नका

भाऊ, तुम्ही लिहिलंय की बाप्तिस्मा झाला, चारचौघांत साक्ष दिली, तरी दारू सुटत नाही. शनिवारी कारखान्यातला पगार हातात पडला की पाय तिकडेच वळतात आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी तुम्ही मागच्या बाकावरून उठून जाता. 'इतक्यांदा क्षमा मागितली, आता देवही कंटाळला असेल,' हे तुमचं वाक्य वाचून गलबलून आलं.

इथे सोलापुरात मंडळीचा (चर्चचा) पंच, म्हणजे कारभार पाहणारा वडीलधारा, म्हणून मी बरीच वर्षं काम करतोय. भाकरीचं ताट बाकावरून फिरतं तेव्हा मान खाली घालून ते तसंच पुढे सरकवणारे हात दिसतात. मागावर राबणारे, विड्या वळणारे. बहुतेकदा ही तीच माणसं असतात ज्यांना आपलं पाप मनापासून टोचतं.

अयोग्य रीतीने ही भाकर खाणारा दोषी ठरतो, या ज्या वचनाची तुम्हाला भीती वाटते, ते ज्यात आहे तो बायबलमधला १ करिंथचा ११ वा अध्याय २० व्या वचनापासून सलग वाचा. तिथे काही जण आधीच खाऊन-पिऊन तर्र व्हायचे आणि गरीब भाऊबंद उपाशी राहायचे. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा राग त्यावर आहे. २८ व्या वचनात तो म्हणतो, स्वतःला पारखा आणि मग खा. पारखा आणि घरी जा, असं म्हणत नाही. नशा उतरली नसेल तर त्या दिवशी थांबा, पण कायमचं बाहेर राहू नका.

आता येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे बघा. तो 'मी येशूला ओळखत नाही' म्हणून नाकारणार हे प्रभूला आधीच ठाऊक होतं, आणि त्याचा विश्वास ढळू नये म्हणून प्रार्थनाही आधीच झाली होती (लूक २२:३२). मुख्य याजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवाशी शेकत त्याने नाकारलं. योहान २१ मध्ये तिबिर्य समुद्राच्या काठावर पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी आणि सोबत भाकर. प्रभूने आधी न्याहारी दिली, 'माझ्यावर प्रीती करतोस का?' हा प्रश्न नंतर विचारला. आणि एवढं होऊनही पेत्र पुढे अंत्युखिया शहरात माणसांना भिऊन चुकला, पौलाने त्याला तोंडावर सुनावलं (गलती २:११). उपदेशात हा भाग फारसा येत नाही, यायला हवा. कृपा मिळाल्यानंतरही माणूस पडतो, तरी प्रभूने त्याला टाकून दिलं नाही.

आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, असं रोमकरांस ५:८ सांगतं. तुम्ही सुधाराल या बोलीवर ती प्रीती मिळालेली नाही, मग पुन्हा घसरल्याने ती परत कशी घेतली जाईल? मन दोष देत राहील, पण देव आपल्या मनापेक्षा थोर आहे (१ योहान ३:२०).

याचा अर्थ पीत राहा, असा मुळीच नाही. रोज आणि जास्त पीत असाल तर एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. पगार शनिवारीच घरात वहिनींच्या किंवा आईच्या हातात पडेल अशी सोय करा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभांची चौकशी करा. आणि पाळकसाहेबांना पिऊन झाल्यावर नव्हे, शनिवारी कारखाना सुटण्याआधी फोन करा. पाळकांना सांगायची लाज वाटत असेल तर मला इथे निरोप टाका, शनिवारी संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी मी येऊन उभा राहीन.