फॉरमॅटलाच अडकणारा जुना कम्प्युटर

प्रश्न : नमस्कार दादा, घरी बाबांचा २००९ चा डेस्कटॉप आहे, कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज ७ फारच स्लो झालं म्हणून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून राहिलो. पेन ड्राइव्हवरून मस्त चालते, पण इन्स्टॉल करताना पार्टिशन फॉरमॅट व्हायची वेळ आली की दोनदा स्क्रीन जिथल्या तिथे थांबली अन् तिसऱ्यांदा मशीन आपोआप रिस्टार्ट झाली. तारीखही दर वेळी चुकीची दाखवते. दुकानदार म्हणतो हार्ड डिस्क गेली, नवीन टाका. कम्प्युटर खिडकीतल्या कूलरच्या बाजूला आहे, प्लग तिथेच आहे म्हणून. डी ड्राइव्हमध्ये ताईच्या लग्नाचे फोटो आहेत, दुसरी कॉपी कुठंच नाही. काय करू?
— एक वाचक, सक्करदरा

उत्तर : भाऊ, आता चौथ्यांदा फॉरमॅट मारू नका, आधी फोटो. पेन ड्राइव्हवरून मिंट चालतंय ना, मग त्यातच फाइल मॅनेजर उघडा, डी ड्राइव्ह दिसत असेल तर सगळे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या अन् दुसऱ्या कम्प्युटरवर उघडून बघा, नुसतं कॉपी झालं म्हणून सोडू नका. डी ड्राइव्ह दिसतच नसेल तर त्या डिस्कवर काहीही लिहू नका, डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे तशीच न्या. आणि इन्स्टॉलरमध्ये ‘इरेज डिस्क’ निवडलं की फक्त सी नाही, डीसुद्धा जातो, हे मी वारंवार सांगतो कारण लोकांचे फोटो इथंच जातात.

आता फॉरमॅटलाच का अडकतं ते. तोपर्यंत सगळं काम पेन ड्राइव्ह अन् रॅमवर चाललेलं असतं, हार्ड डिस्कवर खरं लिहिणं पहिल्यांदा फॉरमॅटलाच सुरू होतं, म्हणून डिस्क, केबल, रॅम, पॉवर सप्लाय यातलं जे कमजोर असेल ते त्याच घडीला उघडं पडतं. डिस्क मरत असली की साधारणपणे मशीन बराच वेळ अडकते, आतून टिक टिक आवाज येतो, किंवा ‘इनपुट आउटपुट एरर’ असा मेसेज येतो. पण मशीन आपोआप रिस्टार्ट झाली असेल तर माझा पहिला संशय रॅम, पॉवर आणि गरमीवर जातो. त्यामुळे डिस्क न तपासता ती गेली असं म्हणणं मला पटत नाही.

तपासायला वेळ लागत नाही. मिंटमध्ये ‘डिस्क्स’ नावाचं ॲप आहे, त्यात हार्ड डिस्क निवडून वरच्या तीन टिंबांच्या मेनूत स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कनं स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघा. ‘रिअलोकेटेड सेक्टर’ (खराब म्हणून बदललेले भाग) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न आलेले संशयित भाग) हे दोन आकडे शून्य असतील तर डिस्कला मोडीत काढायची घाई नको. पेंडिंगचा आकडा वाढत चालला असेल तर मात्र दुकानदार बरोबर आहे, डिस्क बदला. ‘यूडीएमए सीआरसी एरर’ (डेटा ने-आण करतानाच्या चुका) वाढलेला दिसला तर आधी साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर) बदला, स्वस्तात काम होतं. केबल बदलल्यावर तो जुना आकडा कमी होत नाही, फक्त पुढे वाढला नाही पाहिजे.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ कूलरची आहे. मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, घरोघरी वाळ्याचे कूलर चालतात अन् त्याची ओली हवा कॅबिनेटमध्ये शिरत राहते. माझ्या स्वतःच्या जुन्या मशीनमध्ये रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर चढला होता, वास यायचा, अन् इन्स्टॉल ४० टक्क्यांच्या आसपास कोसळायचं. प्लग काढून, रॅम बाहेर काढून त्या पट्ट्या साध्या खोडरबरनं हलक्या हातानं घासल्या, चुरा ब्रशनं झटकला, परत खटकन आवाज येईपर्यंत बसवली, अन् पहिल्याच झटक्यात फॉरमॅट झालं. तुम्हीही हे करा, मग मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा. एकही लाल ओळ आली तर एकेक रॅम काढून बघा, दोष नेमका कोणात आहे ते कळतं.

कूलर अन् कम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर आजच वेगळे करा. मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली येतं अन् जुन्या पॉवर सप्लायला तेवढा झटका पुरतो. कॅबिनेट उघडलीच आहे तर मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर वरून फुगलेत का तेही बघा, प्रोसेसरच्या हीटसिंकमधली धूळ काढा. इन्स्टॉल रात्री करा, दुपारी नको.

चुकीची तारीख म्हणजे मदरबोर्डवरची, तारीख अन् सेटिंग जपणारी सीएमओएस बॅटरी संपली, सीआर २०३२ नाण्यासारखी असते, बदला. ती गेली की बायोसची (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) सेटिंग दर वेळी मूळ जागी जाते, साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) पण बदलू शकतो, मग आधी चाललेलं विंडोज निळा स्क्रीन देते अन् आपण नव्या इन्स्टॉलला दोष देत बसतो. पेन ड्राइव्ह मागच्या पोर्टला लावा, अन् २ जीबी रॅमला मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्तीच घ्या.

प्रश्न : लॅपटॉपला विंडोज १० टाकताना ‘या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे’ म्हणून सेटअप पुढे जातच नाही. डिस्क खराब झाली का?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : नाही हो, डिस्क चांगली आहे. पेन ड्राइव्ह यूईएफआय मोडमध्ये (मशीन सुरू करायची नवी पद्धत) सुरू झाला अन् त्याला पार्टिशनची नवी पद्धत, जीपीटी, लागते; तुमच्या डिस्कवर जुनी एमबीआर आहे. बूट मेनूत (मशीन कशावरून सुरू करायची ती यादी) त्याच पेन ड्राइव्हचं नाव दोनदा दिसत असेल, ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलेलं नाही ते निवडा, काही न पुसता सेटअप पुढे जाईल. जीपीटी करायची असेल तर विंडोजच्या डिस्कपार्ट या प्रोग्राममधली ‘क्लीन’ कमांड पूर्ण डिस्क रिकामी दाखवते, म्हणून बॅकअप झाल्याशिवाय तिला हात लावू नका. अन् विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, बँकेचं काम त्यावर करणार असाल तर आधी विचार करा.

प्रश्न : दुकानातल्या जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरसाठी विंडोज एक्सपी टाकून राहिलो, सेटअप सुरू होताच निळा स्क्रीन येतो, एरर कोडच्या शेवटी ७बी दिसते.
— एक वाचक, इतवारी

उत्तर : एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा (साटा डिस्कशी बोलायची नवी पद्धत) ड्रायव्हर नसतो, त्यामुळे त्याला हार्ड डिस्क सापडत नाही. बायोसमध्ये साटा मोड आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीचा, करा, पुढे जाईल. त्या मशीनला इंटरनेट मात्र लावू नका.