गॅमा किरणांत एफबीजी सेन्सर किती टिकतो?

तुम्ही विचारलंय की गॅमा किरणोत्सर्गाच्या जागी तापमान मोजायला फायबर ब्रॅग ग्रेटिंग (एफबीजी) लावलं तर ते किती टिकेल. हे म्हणजे काचेच्या ऑप्टिकल फायबरमध्ये लेझरने लिहिलेली बारीक रचना; ती एकाच ठरावीक तरंगलांबीचा (ब्रॅग तरंगलांबी) प्रकाश परत पाठवते आणि तापमान बदललं की ही तरंगलांबी सरकते. टिकायला ते बऱ्यापैकी टिकतं. मला धास्ती असते ती चुकीच्या रीडिंगची: इंटरॉगेटरच्या (परत आलेला प्रकाश वाचणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर ब्रॅग तरंगलांबीचं शिखर ठणठणीत दिसतं आणि आकडा मात्र सरकलेला असतो.

गॅमा किरणांमुळे काचेतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि दोषांच्या जागी अडकून बसतात. अशी कलर सेंटर प्रकाश शोषतात. शोषण बदललं की अपवर्तनांक बदलतो, आणि त्याच्यासोबत ब्रॅग तरंगलांबीही. 1550 नॅनोमीटरच्या आसपास एक अंश सेल्सिअसला शिखर साधारण 10 पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग) हलतं. त्यामुळे किरणांनी ते 20 पिकोमीटर ढकललं, की यंत्र बिनदिक्कत 2 अंश जास्त दाखवतं. डोस दहा-वीस किलोग्रेच्या (ग्रे हे शोषलेल्या किरणोत्सर्गाचं एकक) पुढे गेला की साध्या जर्मेनियमवाल्या फायबरमध्ये एवढी सरक नवलाची नाही. सुरुवातीला ती भराभर वाढते, नंतर मंदावते. म्हणूनच काही जण सेन्सर आधीच भरपूर डोस देऊन मग बसवतात.

ग्रेटिंग कसं लिहिलंय, यावर फार अवलंबून आहे. फायबरमध्ये हायड्रोजन भरून यूव्ही लेझरने लिहिलेली ग्रेटिंग जास्त सरकतात. माझ्या मते अशा कामाला ती घेऊच नयेत. शुद्ध सिलिका किंवा फ्लोरिनवाल्या फायबरमध्ये फेम्टोसेकंद लेझरने लिहिलेली बरीच स्थिर असतात. फॉस्फरसवाल्या फायबरमधला प्रकाश किरणांनी इतका घटतो, की तो डोस मोजायलाच वापरतात.

चाचणी कोबाल्ट-60 या गॅमा स्रोतावर करणार असाल तर ग्रेटिंगला अगदी चिकटून थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) ठेवा. चेंबर आतून तापतं, आणि ती उष्णता वजा केली नाही तर सगळी सरक किरणांच्या नावावर जाते. स्रोत परत त्याच्या कवचात गेल्यावरही नोंद चालू ठेवा, कारण सरकेचा काही भाग हळूहळू मागे येतो. आणखी एक, कोटिंग. अॅक्रिलेट हे फायबरवरचं नेहमीचं प्लास्टिकचं कोटिंग किरणांनी बदलतं, फायबरवर ताण आणतं, आणि त्या ताणानेही शिखर हलतं (हे हमखास विसरलं जातं). शक्य असेल तर ग्रेटिंगच्या भागावरचं कोटिंग काढून तो भाग बारीक स्टीलच्या नळीत सैल ठेवा.

5 अंशांची चूक चालणार असेल तर एवढी काळजी पुरे. अर्ध्या अंशाची अचूकता हवी असेल, तर ज्या रिळाचं फायबर लावणार त्याच रिळाचा तुकडा, प्रत्यक्षातल्या डोस रेटच्या (दर तासाला मिळणाऱ्या डोसच्या) जमेल तितक्या जवळ, तपासून घ्या.