मिनिमम नाही झालं तर काय होतं?

"मॅडम, ह्या महिन्याचं मिनिमम झालं नाही तर माझा आयडी जाईल का हो?" हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बायका हल्ली वाढल्यात. कुणी कॉस्मेटिक्सवाली, कुणी डब्यांची, कुणी दागिन्यांची, सगळ्या कंपनीचा माल ओळखीत विकणाऱ्या. मिनिमम म्हणजे दर महिन्याला उचलायचाच असा ठरलेला कमीत कमी माल, आणि आयडी म्हणजे कंपनीतलं आपलं विक्रेतीचं खातं. फोनसुद्धा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच जास्त येतात. एकीची केस सविस्तर सांगते, तिची परवानगी घेऊन. नाव आणि ओळख पटेल असं बाकी सगळं बदललंय.

सुप्रिया म्हणू तिला. गुहागर तालुक्यातली, नवरा मच्छीमार बोटीवर खलाशी. फेब्रुवारीत एका डायरेक्ट सेलिंग कंपनीची ज्वेलरी कन्सल्टंट झाली, म्हणजे कॅटलॉग दाखवून ऑर्डर घ्यायची, माल आपल्याला २५ टक्के कमी भावात मिळतो, तो छापील किमतीला द्यायचा, मधले पैसे आपले. अट एकच, महिन्याला छापील किमतीने ४,००० चा माल उचलायचा. तेवढा झाला की आयडी ऍक्टिव्ह.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आली ती, बाहेर धो धो पाऊस, आणि पिशवीतून बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवलान. आत झिपच्या पाकिटात सेट. बरीच पाकिटं फोडलेली, कारण स्टेटसला फोटो टाकायचे होते. एक नेकलेस मी हातात घेतला तर हुकाच्या मागे हिरवट चढलेलं, कापूस तपकिरी झालेला, पॉलिश कडेने काळं पडत चाललेलं. आपल्याकडची खारी हवा आणि त्यात आषाढाची ओल, वन ग्रॅमचं काय नि ऑक्सिडाइजचं काय, उघडं राहिलं की एका पावसात रया जाते. म्हणजे "आज नाही विकलं तर उद्या विकू" हे दागिन्यांच्या बाबतीत इथे तरी जमत नाही. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये हे कोण सांगणार!

डबा घरात कुणाला माहीत नव्हता. म्हणजे तिला तसं वाटत होतं. सासूने कधीच बघितला होता आणि शेजारणीला सांगून पण झालं होतं, "दुकान मांडलंन आणि गिऱ्हाईक पण तीच."

सुप्रिया रडत होती ती पैशासाठी कमी आणि ह्या वाक्यासाठी जास्त. शिवाय जून-जुलै मासेमारी बंद असते, १ जून ते ३१ जुलै, म्हणजे नवऱ्याची कमाई नाही, आणि नेमकं ह्याच काळात तिने बचत गटातून कर्ज उचलून जूनचं मिनिमम भरलं होतं. का? तर ३० तारखेला रात्री सिनियर ताईचा, म्हणजे तिच्या वरच्या कन्सल्टंटचा फोन, "बारापर्यंत टाक गं, नाहीतर आयडी बंद होईल, एवढी मेहनत पाण्यात जाईल."

मी तिला धीर वगैरे नंतर दिला, आधी वही काढायला लावली. वही होती तिच्याकडे, व्यवस्थित अक्षरात, पण गिऱ्हाइकांना विकलेलं आणि स्वतःच घेतलेलं एकाच रकान्यात. ते वेगळं केलं. गिऱ्हाइकांना विकलेलं फेब्रुवारीत ४,२००, मार्चमध्ये २,६००, एप्रिलला लग्नसराई म्हणून ४,५००, मे मध्ये ३,१०० आणि जूनमध्ये फक्त १,१००. एकूण १५,५००. त्यावर तिची कमाई ३,८७५ रुपये. आणि मार्च, मे, जूनचा खड्डा भरायला तिने स्वतः घेतलेला माल छापील ५,२०० चा, म्हणजे खिशातून गेले ३,९००.

हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे मी पाच महिने फुकट फिरले?" फुकट नाही, उलट २५ रुपये वरून घातलेस, असं मी म्हटलं नाही पण ते वहीत दिसतच होतं. त्यात २,७०० उधारी बाहेर. काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या बायका, पगार झाला की देतो म्हणालेल्या. कंपनीच्या हिशोबात उधारीचा माल पण विक्रीच, कारण कंपनीला पैसे सुप्रियाने दिलेत.

दुसरी गोष्ट, करार. करार वाचलास का विचारलं तर म्हणे पीडीएफ आहे, इंग्रजीत आहे, ताईंनी सांगितलं टिक कर. (सगळ्या जणी हेच सांगतात, एक पण अपवाद नाही!) मग आम्ही दोघींनी बसून फोनवरच तो वाचला, आणि त्यात चक्क लिहिलेलं की सलग दोन महिने मिनिमम झालं नाही तर कन्सल्टंट इनऍक्टिव्ह. सलग दोन! म्हणजे मार्च चुकला असता तरी काही बिघडत नव्हतं, एप्रिल भरलेलाच होता. मे आणि जून मात्र लागोपाठ, तिथे कुठलातरी एक भरावा लागला असता, आणि मे ला कमी पडत होते छापील ९००, म्हणजे खिशातले ६७५ रुपये. ६७५ मध्ये जे काम झालं असतं त्याला ३,९०० गेले, कारण दर महिन्याला "आयडी बंद होईल" हे ऐकलं आणि कागद कुणी उघडला नाही.

बरं, इनऍक्टिव्ह झालं तर होतं काय? तेही त्याच कागदात. २५ टक्क्यांचा भाव बंद, आणि खाली जोडलेल्या, म्हणजे आपण जॉइन करून दिलेल्या बायका वरच्या सिनियरकडे जातात. परत यायचं तर ४,००० ची एक ऑर्डर टाकून येता येतं, दंड नाही. सुप्रियाच्या खाली दोघी होत्या, एक जाऊ आणि एक शेजारीण, आणि त्यांच्यावर तिला मिळालेलं जास्तीत जास्त कमिशन, एका महिन्यात १८० रुपये. एवढं वाचवायला चाललेलं सगळं. सिनियर ताईला मी वाईट म्हणत नाही, तिला पण वरून तसलाच फोन येतो, पण सुप्रियाचं मिनिमम झालं की ताईचं काहीतरी होतं, हे लक्षात ठेवून तो फोन ऐकावा.

कायद्याचं थोडं सांगते कारण बायकांना वाटतं आपल्या बाजूने काहीच नाही. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम २८ डिसेंबर २०२१ ला आलेत, त्यात कंपनीने विक्रेत्याशी लेखी करार करायला हवा आणि पिरॅमिड स्कीम, मनी सर्क्युलेशन (म्हणजे माल विकण्यापेक्षा माणसं जोडण्यावरच पैसे) चालणार नाही असं आहे. त्याच्या आधी २०१६ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या होत्या, त्यात तर सरळ होतं की जॉइनिंगची फी घ्यायची नाही आणि विकता किंवा वापरता येईल त्यापेक्षा जास्त माल घ्यायला लावायचा नाही. मिनिमम ठेवणं आणि डबा भरायला लावणं ह्यात फरक आहे तो इथे. अडलंच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं.

मग सुप्रियाने काय केलं. करारात ३० दिवसांत न फोडलेला माल परत घ्यायची सोय होती. जूनची जी पाकिटं बंद होती ती तिने पाठवली, पंधराशेच्या आसपास परत आले, ते थेट गटाच्या हप्त्यात घातले. पण माल परत गेला की जूनचं मिनिमम पण गेलं, म्हणजे जून रिकामा, आणि जुलै तर रिकामा राहणारच होता. इनऍक्टिव्ह होणार हे माहीत असून तिने ते केलं, आणि मला वाटतं पाच महिन्यांतला हा तिचा पहिला स्वतःचा निर्णय. ताईचा फोन आला तेव्हा काय बोलायचं हे आम्ही ठरवूनच ठेवलं होतं, कारण तिला फोनवर नाही म्हणता येत नाही: "ताई, गिऱ्हाइकाची ऑर्डर आणि ऍडव्हान्स आला की टाकीन, माझ्या पैशाने नाही टाकणार." वाद नाही, कारणं नाही, हेच वाक्य परत परत. तिसऱ्या वेळी ताईने दुसरा विषय काढला म्हणे.

नवऱ्याला डबा दाखवायचं मात्र तिने आठवडाभर ढकललं. दाखवल्यावर तो एवढंच म्हणाला की मला वाटलेलं जास्त असेल.

पुढे गौरी-गणपती. चाकरमानी यायच्या आधीच तिने वाडीत फिरून विचारलं, पण ह्यावेळी कॅटलॉग बाजूला ठेवून, गौरीला काय हवंय ते. ठुशी, बोरमाळ, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ, ज्यांच्या घरी नव्या सुनेचा ओवसा होता त्यांना जरा बरा सेट. अर्धे पैसे आधी. कॅटलॉगमध्ये जे होतं त्याची ऑर्डर ४,००० च्या वर गेली तेव्हा ती परत जॉइन झाली, जे नव्हतं ते मुंबईच्या नणंदेकडून मागवलं आणि त्यात तर मार्जिन जास्तच सुटलं. डब्यातले जे सेट काळे पडले नव्हते ते पण निम्म्या भावात गेले. उधारी अजून आहे थोडी, काजूवाल्या दोघींनी दिली, एक फोन उचलत नाही.

आता ती ऑर्डर आली तर टाकते, नाही आली तर नाही टाकत, आणि महिना संपताना वही बघते, ग्रुप बघत नाही. शेजारीण आता ताईच्या खाली आहे, मजेत आहे. जाऊ मात्र पूर्ण बाहेर पडली, तिला विकायलाच आवडत नाही, ते तिने जॉइन करताना पण सांगितलं होतं म्हणे, पण तेव्हा सुप्रियाचंच मिनिमम अडलं होतं.